उलांड्यांचं वजन

नवी बोट त्रुगारे पाण्यात उतरली तेव्हा उतारावर जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एनोरानं वाजवल्या नाहीत.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिची नजर बोटीच्या पोटावर होती. तिथं एक निळा पट्टा रंगवलेला होता. त्याची खालची कड पाण्याला टेकेल आणि पट्टा पाण्याच्या वर दिसत राहील, असं तिनंच मोजून आखलं होतं. आता पट्टा कुठं दिसतच नव्हता.

ही उधाणाची भरती होती. एवढी रुंद बोट या उतारावरून तरंगवायची तर असं उधाणच लागतं. बोटीची तीन अंगं गावात तीन ठिकाणी बांधली गेली होती. मधलं अंग आजोबांच्या जुन्या शेडमध्ये, उजवी उलांडी, म्हणजे कडेचं तरंगतं अंग, रोझेन आत्याच्या सफरचंदी सायडरच्या कोठारात आणि डावी एर्वे काकाच्या कालवांच्या शेडमध्ये. अख्खी बोट गावातल्या कुठल्याच गल्लीतून निघाली नसती, म्हणून तिन्ही अंगं ट्रॅक्टरवरून वेगवेगळी आली आणि आडव्या दांड्यांनी पुळणीवरच जोडली गेली.

अशी तीन अंगांची बोट हलकी असली की शांत पाण्यात ताठ बसत नाही. दोन्ही उलांड्या पाण्याच्या जराशा वर राहतात. मग कुणी जिकडे पाय ठेवेल, वारा जिकडे ढकलेल, त्या कुशीवर ती किंचित रेलते आणि एका उलांडीनं पाण्याला हात लावते. त्रुगारे रेलली नव्हती. दोन्ही उलांड्या पाण्यात दाबून ती अंड्यांवरच्या कोंबडीसारखी सपाट बसली होती.

"काय ऐटीत बसलीये," मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

पाद्रीबाबा नुकतेच पाणी शिंपडून गेले होते. बोटीची धर्ममाता रोझेन आणि धर्मपिता एर्वे, दोघांनी नावावरचं फडकं एकेका टोकाला धरून एकमेकांकडे न बघता ओढलं होतं. या दोघांना निवडलं होतं त्युदुआल आजोबांनी, आणि नावही त्यांनीच ठेवलं होतं. त्रुगारे म्हणजे इथल्या जुन्या ब्रेतों बोलीत आभार.

"जन्मात कधी तोंडानं म्हटलं नाही," गुलवेन तव्यावर पीठ फिरवत म्हणाला होता, "म्हणून आता बोटीवर रंगवून टाकलं. काम झालं."

गुलवेन एनोराचा बाप, आजोबांचा थोरला. त्याचा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून तो उतारावर दोन तवे मांडून उंच स्टुलावर बसला होता आणि गावाला काळ्या गव्हाची धिरडी घालत होता. धिरडं उलटताना त्यानं लेकीचं तोंड पाहिलं.

"किती?" त्यानं हळूच विचारलं.

"दोन बोटं. सगळीकडून सारखी."

"कुणाला सांगू नकोस. आधी खाऊन घेऊ दे लोकांना."

पण तोवर एर्वे पाण्यात उतरला होता. लहानपणापासून चिखलातल्या कालवांच्या रांगा नुसत्या डोळ्यांनी ओळीत लावलेला माणूस. त्याला पट्टा दिसला नाही असं होणं शक्य नव्हतं.

"एनोरा, पट्टा कुठंय गं?"

"पाण्याखाली, काका."

"म्हणजे जड झाली."

जवळपासच्या चारदोन लोकांनी ते ऐकलं आणि टाळ्या आपोआप थांबल्या. रोझेन उताराच्या उजव्या बाजूला उभी होती. ती नेहमी एर्वेच्या समोरची बाजू धरते. ती म्हणाली, "तुझ्या काकाला विचार, ते इंजिन धरलं होतं का हिशेबात? कालवांच्या पडावातून काढलेलं ते धूड."

"तुझ्या आत्याला सांग, धरलं होतं," एर्वे म्हणाला. "आणि तिची ती बिडाची शेगडीसुद्धा धरली होती. समुद्रावर पाव भाजायचेत म्हणे."

"दोन्ही धरली होती," एनोरा म्हणाली. "आधीच तोलली होती. अडचण तिथं नाही."

गेली अकरा वर्षं हे दोघं असेच बोलत आले होते, तिसऱ्याच्या खांद्यावरून. हे सुरू झालं तेव्हा गुलवेन शर्यतीच्या ट्रायमरानवर, म्हणजे अशाच तीन अंगांच्या बोटीवर होता. बिस्केच्या आखातात एका रात्री डावी उलांडी दांड्याच्या पायापाशी तुटली आणि बोट उलटली. सकाळी एका स्पॅनिश मासेमारी बोटीनं त्याला उचललं. ती उलांडी एर्वेनं बांधली होती. ब्रेस्तच्या इस्पितळात, गुलवेनच्या खाटेपाशीच, रोझेन म्हणाली होती, "तुझ्या हातानं दादा गेला असता." त्या दिवसापासून एर्वेनं तिला ताई म्हणून हाक मारली नव्हती, आणि तिनंही त्याला काही विचारलं नव्हतं.

पाहुण्यांना बाकांवर बसवलं गेलं. खारं लोणी, सायडर आणि एर्वेच्या बायकोनं आणलेली मांसाची बरणी फिरायला लागली.

"कशाचं आहे?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"लांबकान्याचं," गुलवेन म्हणाला. "खरं नाव बोट दिसेनाशी झाल्यावर घ्या. आधीच दोन बोटं बुडलीये."

लोक हसले; बोटीजवळ सशाचं नाव घेणं इकडचे खलाशी अशुभ मानतात. घरच्यांच्या बाकावर मात्र कुणी हसलं नाही. तिथं त्युदुआल आजोबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. पायाशी त्यांची कॅनव्हासची पिशवी होती. निघायचं जूनमध्ये होतं, पण पिशवी त्यांनी आज सकाळीच भरून आणली होती.

जूनमध्ये त्रुगारे भर महासागरातल्या अझोरेस बेटांना जाणार होती. बरोबर चौघं: एनोरा, रोझेन, एर्वे आणि आजोबा. आजोबांनी या खाडीत चाळीसेक बोटी बांधल्या. त्यातल्या कितीतरी ट्यूना माशांसाठी अझोरेसपर्यंत जाऊन आल्या, आणि परतलेले खलाशी त्यांच्या शेडमध्ये बसून सांगत की तिकडे आपल्यासारखीच हायड्रेंजियाच्या फुलांची कुंपणं आहेत, पण डोंगरच्या डोंगर निळे. आजोबा स्वतः मात्र दीपगृहाच्या बेटापलीकडे कधी गेले नव्हते. गेल्या थंडीत ते एकदाच म्हणाले होते, "तुझी बोट झाली की मला ती कुंपणं दाखव." रोझेन आणि एर्वे एका बोटीत बसायला तयार झाले, ते एवढ्यासाठीच.

"हे बघा," एनोरा म्हणाली. सगळ्यांना कळेल असं सांगायचं तर तिला नेहमी हात लागतात. तिनं दोन्ही हात बाजूंना पसरले. "माझे दोन हात म्हणजे दोन उलांड्या. डाव्या हातात एक वीट दिली तर मी डावीकडे झुकणार. उलांडी मध्यापासून लांब असते, तिच्यात थोडं वजन वाढलं तरी बोट लगेच त्या बाजूला कलते. आपली बोट कुठंच कललेली नाही. म्हणजे जास्तीचं वजन एका बाजूला नाही."

"मग मध्ये," एर्वे म्हणाला.

"मध्ये," रोझेनही म्हणाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते बापाच्या विरोधात.

मधल्या अंगातलं सगळं लाकूडकाम, झोपायच्या फळ्या, टेबल, कपाटं, जमिनीच्या फळ्या, आजोबांनी केलं होतं. एनोरानं तोलायचं म्हटलं तेव्हा ते म्हणाले होते, "माझी वस्तू तराजूवर चढत नाही." जन्मभर ओकचं जड लाकूड रचलेला माणूस. कुणी पुढं काही विचारलं नाही.

"बाबा," एर्वे अवघडून म्हणाला, "थोडाफार ओक घातलात का आत?"

"तुमचा हातच जड आहे हो," रोझेन म्हणाली. "त्यात तुमची काही चूक नाही."

आजोबांनी टोपी डोक्यावर घातली. "किती जास्त झालंय?"

"दोन माणसांएवढं," एनोरा म्हणाली. "आजोबा, एवढ्या वजनानं मी तिला मोकळ्या समुद्रात नेणार नाही. दांड्यांखालून लाट नीट जाणार नाही, खालून दणके बसतील. शेडमध्येच मी हे सांगितलं होतं, की आकडा चुकला तर जायचं नाही."

"बरोबर आहे. मग एक माणूस मी उतरतो. राहिलेल्या एकाचं तुम्ही बघा." त्यांनी पिशवी उचलली आणि बाकावर, धिरड्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "कुंपणं काय, इथंही आहेत."

ते सावकाश उतारावरून खाली गेले आणि छोट्या होडीतून बोटीवर चढले, जणू काही विसरलं होतं ते आणायला.

एनोरा त्यांच्या मागून गेली.

मधलं अंग खाली इतकं अरुंद होतं की पावलापुढं पाऊल ठेवून चालावं लागे; कोपराच्या उंचीला आल्यावर ते एकदम दोन्हीकडे पंखांसारखं रुंदावे. डावीकडे शेगडी, उजवीकडे नकाशांचं टेबल, पुढं चौघांचे गुडघे एकमेकांना लागतील असं जेवणाचं टेबल. डोलकाठीच्या पायाशी आजोबांची झोपायची फळी, आणि निजल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी बशीएवढी खिडकी. सगळ्या कडा अंगठ्याच्या गोलाईच्या. माणूस लाटेत फेकला गेला तरी त्याला कुठं कोपरा लागणार नव्हता. वार्निशचा वास अजून ताजा होता.

आजोबा आपल्या फळीवर बसले होते. काही शोधत नव्हते.

एनोरानं जेवणाच्या टेबलाची खिट्टी काढली आणि दोन्ही पायांवर जोर देऊन ते उचललं. तिचा तोलच गेला. टेबल तिच्या हातात नुसतं उडून आलं.

तिनं ते आडवं धरून कडेकडून पाहिलं. दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये उभं बाल्साचं बुचासारखं हलकं लाकूड. तिनं जमिनीची फळी उचलली. खालून तिला गोल गोल भोकं पाडलेली होती, घुणानं शिस्तीत खाल्ल्यासारखी. कपाटांना दारं नव्हती, शिडाच्या उरलेल्या कापडाचे खिसे होते. चमच्यांच्या खणात तिला दिसलं, चमच्यांचे दांडेसुद्धा कोरून पोकळ केलेले होते.

"आजोबा, हे माझ्या आकड्यापेक्षाही हलकं आहे."

"असेल."

"ओक कुठंय?"

"मासे भरून आणणाऱ्या बोटीला पोटात वजन लागतं, म्हणून तिला ओक. ही मासे आणणार नाही, माणसं आणणार. तूच पहिल्या दिवशी सांगितलं होतंस. मी ऐकत होतो."

"मग तिथं तसं का नाही बोललात?"

आजोबांनी खिडकीच्या काचेवरचा बोटाचा ठसा बाहीनं पुसला. "मध्ये नाही म्हटलं, की मग राहिलं कोण? दोन उलांड्या. म्हणजे ती दोघं. सगळ्या गावासमोर, बोटीच्या बारशाच्या दिवशी, तू त्यांना तोलायला बसणार." जरा थांबून ते म्हणाले, "अझोरेसला मी नाही गेलो तर चालेल. यांनी आणखी अकरा वर्षं घालवलेली मला चालणार नाहीत. माझ्याकडे तेवढी नाहीत."

एनोरा टेबल मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिला महिनाभरापूर्वीचे दोन फोन आठवले. उलांडी किती भरली, असं तिनं दोघांना विचारलं होतं. दोघांनी एकच आकडा सांगितला होता, किलोला किलो, तिच्या आराखड्यात होता तोच. तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता. आता तिला स्वतःची लाज वाटली. दोन कोठारं, दोन माणसांचे हात, वेगवेगळी हवा. खरी मापं इतकी कधीच जुळत नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एखाद्यानं असे आकडे दिले असते तर तिनं पहिल्यांदा हेच म्हटलं असतं की तोललेलंच नाहीस.

"विचारावं लागेल, आजोबा," ती म्हणाली. "बोटीशी खोटं बोलता येत नाही."

"माहितेय," ते म्हणाले. "जपून विचार."

ती टेबल हातात घेऊनच परतली आणि तिनं ते बाकावर ठेवलं. एर्वेनं सवयीनं आधाराला दोन्ही हात लावले. मग एक काढला. मग दुसरा काढून नुसत्या दोन बोटांनी उचलून पाहिलं, आणि त्याची मान खाली गेली.

"म्हाताऱ्याला उगाच..." तो पुटपुटला.

"मधलं अंग हलकं आहे," एनोरा म्हणाली. "वजन उलांड्यांमध्ये आहे. दोन्हींत, सारखं. कुणी का केलं ते मी विचारत नाही. मला फक्त नवा आकडा हवाय."

मग रोझेननं कपबशी बाजूला सारली. ती शिडं शिवते. बोलण्याआधी समोरच्या कापडाची सुरकुती तळहातानं सपाट करायची तिची सवय आहे, तशी तिनं केली.

"माझ्यात आहे. काचेच्या धाग्यांच्या कापडाचा एक थर बाहेरून जास्त, एक आतून. दांड्याचा पाय बसतो तिथं आणखी तीन. आतले आडपडदे दुप्पट." ती एनोराकडे बघत होती. "तुझ्या गणितावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पोरी. दांड्याच्या पायापाशी आले आणि हात थांबेचना. एक थर झाला की वाटायचं, दादाच्या वेळी हाच एक कमी पडला असेल तर? बाबा झोपणार या बोटीत. एनोरा झोपणार. लावत गेले. आणि एका संध्याकाळी, इपॉक्सीच्या डिंकानं चिकट झालेले हात घेऊन उभी असताना, मला कळलं की तुझा काका..." ती थांबली. "उलांडी बांधणाऱ्याच्या पोटात काय असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. माहीत नसताना मी बोलले होते."

एर्वेला कबुली द्यायची गरजच नव्हती. पाण्यावर त्रुगारे सपाट बसली होती. एकट्या रोझेनचं वजन असतं तर ती उजवीकडे झुकली असती.

"तुझ्या आत्याला सांग..." तो टेबलाची कड चाचपत म्हणाला.

"काय सांगू?"

"माझ्यातही तेवढंच आहे म्हणावं. पायापाशी चार थर आहेत, तीन नाही. आतल्या बाजूला एक कमी."

कुणीतरी हसू दाबलं. ते गुलवेनचं होतं. त्यानं तवा खाली उतरवला, स्टुलावरून खाली आला आणि ताठ गुडघ्यानं लंगडत बाकापाशी येऊन उभा राहिला.

"माझ्या नावानं तुम्ही दोघं अकरा वर्षं भांडलात," तो म्हणाला. "मला कुणी विचारलंत कधी?"

"तू तेव्हा शुद्धीवर नव्हतास, दादा," रोझेन म्हणाली.

"नंतर होतो की. रोज होतो." तो एर्वेकडे वळला. "दांडा का तुटला ते समुद्राच्या तळाशी पडलंय, ते कुणालाच कळणार नाही. मला एवढंच माहितेय की तुझी उलांडी बुडाली नाही. दोराला अडकून माझ्या शेजारी तरंगत होती. रात्रभर मी तिच्यावर पोट टाकून पडलो होतो. मधल्या अंगावरून लाटा जात होत्या, तिच्यावरून नाही. स्पॅनिश लोकांनी मला तिच्यावरून उचललंय, एर्वे. मी धिरडी घालतोय ती तिच्यामुळं."

एर्वेनं तोंडावरून हात फिरवला. "हे आधी सांगायचं ना, दादा."

"मला वाटलं, तुला माहीत असेल. बांधली कुणी होती?"

रोझेन हसायला लागली आणि हसता हसता तिनं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. एनोरा त्या तिघांकडे बघत होती. तिच्या बोटीत दोन माणसांएवढं वजन जास्त भरलं होतं, ते सगळं तिच्यासाठी आणि आजोबांसाठी केलेल्या काळजीचं. आराखड्यात त्यासाठी रकाना नव्हता. एवढी जड, एवढी चुकीची भेट तिला आजवर कुणी दिली नव्हती, आणि ती परत करायचीही सोय नव्हती. सुकलेलं इपॉक्सी सुटत नाही.

"आता थर निघणार नाहीत," ती म्हणाली. "पण तेवढंच काहीतरी दुसरं निघालं पाहिजे."

"मी उतरते," रोझेन म्हणाली.

"तिला सांग, मी उतरतो," एर्वे म्हणाला.

"कुणी माणूस उतरणार नाही," एनोरा म्हणाली.

मग दोघांच्याही नजरा एकाच वेळी बोटीकडे गेल्या आणि दोघांनाही कळलं. एर्वेचा चेहरा उतरला. त्या इंजिनाचा प्रत्येक नट त्यानं स्वतः घासून बसवला होता.

"माझं छोटं इंजिन मागं लटकवा," गुलवेन म्हणाला. "एका हातानं उचलता येतं. ट्रायमरानला वारा पुरतो, एर्वे. ती काय कालवं वाहणार आहे?"

"आणि शेगडीसुद्धा जाईल," रोझेन म्हणाली. "पाव काय, विकतचे खाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं आणि त्रुगारे पुळणीवर तीन अंगांवर निवांत बसली. शिडाच्या आडव्या काठीला कप्पी बांधून इंजिन वर काढलं. खाली घ्यायला दोन माणसं हवी होती. एनोरा पुढं होणार तेवढ्यात रोझेननं बाह्या वर केल्या. इंजिनाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला एर्वे. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. दोघं पावलाला पाऊल मिळवत ट्रॅक्टरपर्यंत आले आणि तिथं घाम पुसत उभे राहिले. मग काही न बोलता परत फिरले आणि शेगडी आणायला गेले.

संध्याकाळी भरती चढली. पाणी पुळणीवरून पसरत आलं, मधल्या अंगाखाली शिरलं आणि बोट एकदम हलली. निळा पट्टा वर होता, अख्खा. त्रुगारे क्षणभर दोन्ही उलांड्या हवेत धरून थरथरली, कुठं टेकावं ते तिला कळत नव्हतं. आजोबा डोलकाठीपाशी उभे होते, पिशवी खांद्याला. त्यांनी डावीकडे एक पाऊल टाकलं. बोट डावीकडे रेलली. उजवीकडे टाकलं, तशी ती हळूच उजवीकडे आली.

आजोबांनी पुन्हा एकदा तसंच केलं. मग आणखी एकदा.

"काय चाललंय, बाबा?" रोझेननं उजव्या बाजूच्या दोरापाशी उभं राहून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "ऐकतेय ती." आणि मग, पाण्याकडे बघत, कुणा एकाला न उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "त्रुगारे."

आज घरच्यांसाठी मांडलेल्या तव्यापाशी गुलवेननं उलथनं हवेत तसंच धरून ठेवलं.

वारा जरा वाढला. बोट उजव्या कुशीवर टेकली आणि रोझेनच्या हातातला दोर ताणला गेला.

"एर्वे," ती पाण्यापलीकडे, डाव्या दोरापाशी उभ्या भावाकडे बघून म्हणाली, "तुझा सैल सोड."

"सोडला, ताई," एर्वे म्हणाला.